बांधावरच्या आंब्याची दोन चित्रं

चित्रकलेची शिक्षिका निवृत्त झाली की गावाला तिची आठवण दोनदा येते. रांगोळी स्पर्धेला परीक्षक मिळत नाही तेव्हा, आणि लग्नाच्या कमानीवर वधूवरांची नावं वळणदार अक्षरात कोण काढेल असा प्रश्न पडतो तेव्हा. मी दोन्हीला नाही म्हणते. त्यामुळे पलूसच्या आमच्या भागात माझी ओळख 'हुशार हाय, पण शिष्ट हाय' अशी झाली आहे. त्यातल्या पहिल्या अर्ध्याबद्दल मी गावाची आभारी आहे.

माझी नोकरी मेढ्याला सुरू झाली, मग खंडाळा, मग सातारा. तिन्ही ठिकाणी विषयाचा मान सारखाच. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की गणिताचे सर वर्गाच्या दारात येऊन उभे राहायचे. "बाई, तुमचा तास देता का? त्रिकोण राहिलेत. तुमचं काय, रंगवायचंच असतंय." मी उत्तराची जुळवाजुळव करेपर्यंत पोरांनी गणिताच्या वह्या काढलेल्या असायच्या. इतिहासाचा तास गणिताला दिलेला मी कधी पाहिला नाही. शारीरिक शिक्षणाचा तर कुणी मागतच नाही, कारण ते सर अंगानं दांडगे असतात.

निवृत्त होऊन सासरच्या गावी पलूसला आले आणि खतं-औषधांच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेऊन रविवारचा वर्ग काढला. खाली कीटकनाशकाचा वास, वर टर्पेंटाइनचा. आठवीच्या पुढचीच मुलं घ्यायची आणि दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी हे चित्र त्यांनी जिन्याखाली ठेवून यायचं, एवढ्या माझ्या अटी होत्या.

पालकांच्या अटी जास्त होत्या. चित्रकलेच्या सरकारी परीक्षा दिल्या की दहावीला वाढीव गुण मिळतात, त्या गुणांसाठी निम्मी पोरं येत. एक द्राक्ष बागायतदार मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "बाई, मार्कापुरतंच शिकवा. लय शिकलं तर पोरगं बिघडंल." एक आई पडद्याच्या कापडाचा तुकडा घेऊन आली. मुलीला या रंगात काहीतरी काढायला लावा, हॉलमध्ये मॅचिंग पाहिजे, म्हणाली. मी म्हणाले, चित्र होईपर्यंत पडदे बदलावेसे वाटले तर? त्या बाईंना ते पटलं. त्या थांबल्या, मुलगीही थांबली, म्हणजे यायची थांबली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, चित्रकला हातात असते. हात फार लवकर शिकतो. अडतं ते डोळ्यापाशी. पंधरा-सोळाच्या वयात आपल्याला सगळं कळतं अशी पोरांची खात्री असते आणि ती कळलेलंच काढतात. पेल्याचं तोंड गोल असतं हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून समोर चपटं दिसत असलं तरी ती गोलच काढतात. झाड म्हणजे तपकिरी दांड्यावर हिरवा ढग. माझं काम इतकंच की त्यांना ठाऊक असलेलं थोडा वेळ विसरायला लावायचं. समोर बसायचं, एक डोळा मिटायचा, पेन्सिल लांब धरून मापं घ्यायची आणि दिसेल तेच कागदावर उतरवायचं. याला आमच्या धंद्यात यथार्थदर्शन म्हणतात. नाव भारदस्त आहे. गावात त्यावरून काय रामायण झालं तेच सांगायला बसले आहे.

वर्गात पद्मजा आणि सन्मती अशी दोन चुलत भावंडं होती. दोघंही त्या वर्षी अकरावीत. पद्मजाचे वडील भूपाल आण्णा हे थोरले, सन्मतीचे वडील सुकुमार आप्पा हे धाकटे. सुकुमार हे नाव ठेवताना त्यांच्या आईवडिलांना पुढची कल्पना नव्हती. आप्पा जिन्यावरून आले की खालच्या दुकानातल्या बाटल्या वाजत. वडील गेल्यावर भावांच्या वाटण्या झाल्या, मधला जुना बांध हद्द ठरला आणि बोलणं बंद झालं. घरं समोरासमोर. दोन्ही घरं जैन, दोघांकडेही दिवेलागणीच्या आत जेवणं उरकतात, त्यामुळे संध्याकाळचं भांडणसुद्धा दोन्हीकडून एकाच वेळी थांबायचं. पोरं मात्र माझ्याकडे आली की एका डब्यातलं पाणी, एकाच बशीतले रंग. घरी गेल्यावर एकमेकांना ओळखही दाखवायची नाहीत.

हाताचं म्हणाल तर सन्मतीचा हात वर्गात सगळ्यात चांगला. रंगाचं पाणी कागदावर सोडायचा ते असं की मीच बघत राहायचे. पद्मजाचा हात जड होता, पण डोळा हट्टी. तिला जे दिसलं नाही ते ती काढायची नाही. एकदा मी म्हणाले, इथं एक पक्षी टाक, आभाळ मोकळं वाटतंय. ती म्हणाली, "बाई, पक्षी आला की टाकते." आणि खरोखर वाट बघत बसली.

त्या हिवाळ्यात मी सगळ्या वर्गाला बाहेर निसर्गचित्राला न्यायचं ठरवलं. जलरंगात झाड करायचं होतं, समोर बसून. मोबाईलवरचा फोटो बघून नाही, ही सक्ती. पद्मजानं जागा सुचवली. त्यांच्या दोन्ही रानांतला ऊस नुकताच तुटून गेला होता, त्यामुळे सगळं मोकळं दिसत होतं आणि मधल्या बांधावर जुना, मोठा आंबा मोहरानं लगडलेला होता. मोहर जलरंगात करणं फार अवघड. पांढरा रंग वापरायचा नसतो, कागदाचाच उजेड राखून ठेवावा लागतो. पोरांची खोड मोडायला तो आंबा मला झकास वाटला.

आम्ही गेलो. बाकीची पोरं हवी तिथं बसली. पद्मजा मात्र आपल्या वडिलांच्या रानात बसली आणि सन्मती आपल्या वडिलांच्या. पलीकडच्या रानात पाय ठेवायचा नाही, ही दोन्ही घरची तंबी होती. बांध उंच आणि त्यावर कमरेएवढं वाळलेलं गवत. पद्मजाच्या जागेवरून बघितलं तर गवत पुढं आणि झाडाचा बुंधा गवताच्या मागं, म्हणजे झाड चुलत्याच्या रानात उभं असल्यासारखं दिसायचं. सन्मतीच्या जागेवरून बरोबर उलटं. दोघांनी दिसलं तसं काढलं. दोघांचीही चित्रं उत्तम झाली. पद्मजाच्या चित्रातला मोहर तर इतका खरा उतरला होता की मी वर्गात तिला कधी नव्हे ती शाबासकी दिली.

मला माहीत नसलेली गोष्ट अशी, की त्याच आठवड्यात सुकुमार आप्पांनी तो आंबा एका लाकूडवाल्याला दाखवला होता. आणि भूपाल आण्णांनी लाकूडवाल्याला निम्म्या वाटेतूनच परत पाठवला होता. वाटणीत जमीन, विहीर, गोठा, अगदी आजीचा पाटासुद्धा वाटला होता. आंबा तेवढा कुणाच्या लक्षात राहिला नव्हता.

वर्गाचं प्रदर्शन आम्ही एका मंगल कार्यालयात भरवलं. मी हौसेनं ती दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली आणि खाली चिठ्ठी लिहिली, 'एकच झाड, दोन जागा.' पालकांना यथार्थदर्शन समजावं असा हेतू.

सुकुमार आप्पा आले. आपल्या पोराचं चित्र बघायच्या आधी त्यांची नजर पद्मजाच्या चित्रावर गेली. तोंडाशी गेलेला चहा तसाच थांबला.

"आरं, हे बगा! हे बगा की सगळ्यांनी!" ते ओरडले. "आण्णाच्या पोरीनंच काढलंय! झाड कुणाच्या रानात हाय? आमच्या! घरातलीच साक्ष मिळाली!"

त्यांनी मोबाईल काढून फोटो घेतला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. तेवढ्यात भूपाल आण्णा हजर. त्यांनी पोरीच्या चित्राकडं बघून डोळे मोठे केले, मग शेजारच्या चित्राकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आणि हे काय हाय रं? हे तुज्या पोरानं काढलंय न्हवं? ह्यात झाड कुठं हाय बग की! माज्या रानात!" त्यांनीही फोटो काढला. त्याच ग्रुपवर टाकला.

मी मधे पडले. म्हणाले, "आहो, दोन्ही चित्रं बरोबर आहेत."

दोघे भाऊ कित्येक वर्षांत पहिल्यांदाच एका आवाजात बोलले, "दोन्ही बरुबर कशी असत्याल?"

या प्रश्नाला मी आयुष्यभर फळ्यावर उत्तर देत आले होते. त्या दिवशी फळा नव्हता.

दोन-तीन दिवसांनी मला बोलावणं आलं. दुपारी आंब्याखाली बैठक होती. दोन्ही भाऊ, भावकीतली जाणती माणसं आणि पलीकडच्या रानाचे मालक, निवृत्त सुभेदार. सुभेदारांची तिन्ही पोरं फौजेत, ते स्वतः एकटे शेती बघायचे. त्यांचा या भांडणाशी संबंध नव्हता, पण मनोरंजनाची साधनं आमच्याकडं कमी आहेत.

एका तरुणानं मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा लावला. त्यात दोन रानांच्या मधे हिरवा गोळा दिसत होता. आप्पा म्हणाले, गोळा हिकडं जास्त हाय. आण्णा म्हणाले, मोबाईल सरळ धर. दुसरा एक जण म्हणाला, आता मोबाईललाच सांगितलं की तो पायजे तसं चित्र काढून देतो, क्लासला पैसे कशाला घालायचे? माझ्याकडं बघून तो ओशाळला, पण फार नाही.

मग मी उठले. शिक्षकी रक्त. म्हणाले, "मी दाखवते. आण्णा, तुम्ही सन्मती बसला होता तिथं जाऊन बसा. आप्पा, तुम्ही पद्मजाच्या जागेवर. दुसऱ्याच्या जागेवरून कसं दिसतं ते एकदा बघा." हे शेवटचं वाक्य मी जरा चढ्या आवाजात म्हणाले. वर्गात या वाक्यावर पोरं गप्प होतात.

आण्णा बिचकले. वाटणी झाल्यापासून भावाच्या रानात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. तरी सगळे बघताहेत म्हटल्यावर धोतर सावरून बांध ओलांडला आणि ढेकळावर जाऊन बसले. आप्पा इकडं आले. सगळी बैठक उठून बांधाशी आली. मला भरून आलं. वाटलं, एवढी वर्षं ज्या विद्येची चेष्टा झाली ती आज दोन भावांना एकत्र आणणार.

आण्णांनी एक डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. मग मांडीवर थाप मारून ओरडले, "लख्ख दिसतंय! माज्याच रानात हाय!"

पलीकडून आप्पांचा आवाज आला, "हितनं बगा की! आमच्याच रानात हाय! आता तर खात्रीच पटली!"

सुभेदार इतके हसले की त्यांना ठसका लागला. "मॅडम," ते म्हणाले, "आपने तो दोन्ही पार्टीला दारूगोळा सप्लाय केला."

आतापर्यंत दोघांना नुसता संशय होता. माझ्या शिकवण्यानं दोघांना पुरावा मिळाला. शिक्षणाचा एवढा तात्काळ परिणाम मी नोकरीत कधी बघितला नव्हता.

त्यानंतरचं मात्र हसण्यासारखं नव्हतं. दोन्ही घरी पोरांना हुकूम सुटला: चित्र दुरुस्त करा. झाड आपल्या बाजूला घ्या, म्हणजे ग्रुपवर नवा फोटो टाकता येईल.

सन्मती पुढच्याच रविवारी नवं चित्र घेऊन आला. झाड अलगद उचलून बांधाच्या अलीकडं, त्याच्या वडिलांच्या रानात आणून ठेवलेलं. बुंध्याशी सावली, सावलीत घमेलं आणि कुदळ. आणि खोटं कशाला बोलू, चित्र आधीच्यापेक्षा सरस होतं. रचना भरलेली, रंग स्वच्छ.

"हे तू बघून काढलंस?" मी विचारलं.

"न्हाई बाई. पण रचनेसाठी झाड हलवलं तर चालतंय असं तुमीच सांगितलंय की." तो निरागसपणे म्हणाला. सांगितलं होतं. सगळ्या जगात सांगतात.

पद्मजा आलीच नाही. त्या रविवारी नाही, पुढच्याही नाही. सन्मती ब्रश धुता धुता हळूच म्हणाला, "ती चित्र बदलत न्हाई म्हणाली. आण्णांनी क्लास बंद केलाय तिचा. सामान माळ्यावर टाकलंय."

बारावीनंतर चित्रकलेच्या महाविद्यालयात जायचं असं पद्मजाचं ठरलं होतं. प्रवेश परीक्षेची तयारी वर्षभर आधी लागते: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. एक महिना हात थांबला की रेघ अडखळते. मी त्यांच्या घरी गेले.

आण्णा सोप्यात बसले होते. पाणी आलं, गूळशेंगा आल्या. पाहुणचारात कमी नाही.

"आवं बाई, तुमच्याबद्दल आमचं काय म्हणणं न्हाई," आण्णा म्हणाले. "पण पोरीनं बापाच्या इरुद्ध साक्ष द्यायची, ही कसली कला?"

"तिनं साक्ष नाही दिली. तिला दिसलं ते काढलं."

"मग आता नीट दिसू द्या की तिला. मी काय लय मागतोय? एक झाड सरकवायचं. त्या सन्मतीनं सरकवलंच न्हवं?"

दारात पद्मजा उभी होती. ती म्हणाली, "आण्णा, गवत पुढं हुतं. बुंधा मागं हुता. मी कसं सरकवू?"

"गवत काढू नगंस मग!"

"गवत हुतं."

आण्णा माझ्याकडं वळून म्हणाले, "बगा. हे असलं शिकवताय तुमी." त्यांच्या आवाजात राग होता, पण मला त्यात थोडी धास्तीही ऐकू आली. पोर आपल्याला घाबरत नाही हे बापाला चारचौघांत कळलं की तसा आवाज होतो. मी पुष्कळ बोलले. प्रवेश परीक्षा, तिचा डोळा, तिचं पुढचं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं आणि जाताना पिशवीभर गूळ दिला. क्लास बंदच.

घरातल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या कोऱ्या कडांवर ती कोळशानं रेघा मारत बसते, हे तिच्या आईनं मला बाजारात सांगितलं. आईच्या सांगण्यात तक्रार होती की अभिमान, मला नक्की कळलं नाही. मी रंगांच्या नळ्या आणि कागद भाजीच्या पिशवीत घालून तिच्याकडं दिले. वर मेथीची जुडी. आईनं मेथी घेतली, खालचं बघितलं आणि पिशवी खांद्याला लावली.

इकडं चित्रांनी निकाल लागेना म्हटल्यावर दोन्ही भावांनी सरकारी मोजणी मागवली. दोघांनी वेगवेगळी. दोघांनाही निकालाची पक्की खात्री, कारण दोघांनी आपापल्या डोळ्यांनी बघितलं होतं.

दोन्ही अर्जांवर एकच मोजणीवाला यंत्र घेऊन आला. तरुण, शांत माणूस. त्यानं गावचा नकाशा बघितला, खुणा केल्या, परत मोजलं. मग घाम पुसून म्हणाला, "झाड दोघांच्याही रानात नाही."

"म्हंजे?"

"इथं पाणंद आहे. जुना गाडीरस्ता. नकाशावर स्पष्ट आहे. तुम्ही ज्याला बांध म्हणताय तो त्या रस्त्याचा उरलेला तुकडा आहे. एका बाजूनं यांनी नांगरत आणलंय, दुसऱ्या बाजूनं त्यांनी. झाड रस्त्यात आहे. गावाचं आहे."

मोजणीलाही सुभेदार हजर होतेच. या वेळी ते हसले नाहीत. त्यांचं रान पलीकडं. पाणंद बुजल्यामुळं त्यांचा ऊस दरवर्षी लांबच्या वळशानं बाहेर निघायचा. ते मोजणीवाल्याला म्हणाले, "साहेब, ह्याची नक्कल मला भेटंल का?"

त्या दिवशी दोन भावांमधलं वैर संपलं. मी प्रत्यक्ष बघितलं, म्हणून लिहिते. आप्पा आण्णांजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "आण्णा, जरा बाजूला या." आण्णा गेले. दोघं विहिरीच्या कठड्यावर बसून बोलले. दुसऱ्या दिवशी आप्पांच्या घरातून आण्णांकडं दुधी हलवा गेला. माझ्या यथार्थदर्शनानं जे झालं नाही ते गावाच्या रस्त्यावरच्या सामाईक अतिक्रमणानं करून दाखवलं.

त्या समेटाचा एक फायदा झाला. पद्मजाचं चित्र आता कुणाच्याच विरुद्ध नव्हतं. तिचं सामान माळ्यावरून खाली आलं. वर्गात आली तेव्हा बोटं कोळशानं काळी होती आणि रेघ अजिबात अडखळत नव्हती.

दोन्ही भावांनी मोजणी चुकीची आहे असं बरंच सांगून बघितलं. पण सुभेदार चिकट माणूस. ग्रामसभेत विषय आला, पाणंद खुली करायचं ठरलं, आणि आंबा बरोबर रस्त्याच्या मधे. सुभेदारच म्हणाले, "झाड कशाला पाडायचं? रस्ता जरा वळवून घेऊ. दोघांपैकी एकानं थोडी जागा सोडा, बस्स."

आण्णा म्हणाले, "माजी काय हरकत न्हाई. आप्पाच्या अंगानं वळवा."

आप्पा म्हणाले, "माजी पण न्हाई. आण्णाच्या अंगानं वळवा."

पद्मजा बापाजवळ रडली. चतकोर पट्टी द्या म्हणाली. आण्णा म्हणाले, "बाळ, जमीन म्हंजे काय कागद हाय व्हय, कडंनं कापून द्यायला?" गावानं दोन महिने वाट बघितली. आम्ही काही लोकांनी अर्जविनंत्या केल्या. त्या आंब्यासाठी दोन भाऊ एकमेकांच्या उरावर बसायला तयार होते. त्याच्यासाठी बैलगाडीच्या चाकाएवढी जागा सोडायला एकही तयार नव्हता.

आंबा पडला त्या दिवशी मी मुद्दाम गेले नाही. पद्मजा आणि सन्मती गेली होती. पद्मजा काढत बसली. करवत चालू असताना फांद्या हलायच्या तशा हलत्या रेघा तिनं काढल्या आहेत. ती चित्रं तिनं मला दाखवली, पण प्रदर्शनात लावू दिली नाहीत. सन्मतीनं व्हिडिओ काढला. त्याला भरपूर लाईक आले.

पुढचं थोडक्यात. पद्मजाला चित्रकला महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पहिल्या यादीत नाही, शेवटच्या यादीत. आण्णा तिला सोडायला गेले आणि वसतिगृहाच्या दारात सगळ्यांना सांगत होते म्हणे, "आमच्या घराण्यात हात पहिल्यापासनंच हाय." सन्मती सांगलीत फ्लेक्स बोर्ड करतो. पुढाऱ्यांच्या हनुवट्या कमी करतो, टकलावर केस लावतो, गर्दी नसेल तर मागं गर्दी घालतो. नाव काढलंय त्यानं, सगळ्या पक्षांचे लोक त्याच्याकडंच जातात. चौकातून जाताना एखाद्या वाढदिवसाच्या फलकावर आभाळाचा रंग असा काही उतरलेला असतो की मी थांबते. मला कळतं हा कुणाचा हात आहे. तेवढं एक मनाला लागून राहिलं आहे. चांगला हात माझ्या वर्गात आला, आणि त्याला हवं ते सरकवायला मीच शिकवलं असं नाही म्हणणार, पण ज्यांनी शिकवलं त्यांनी माझीच वाक्यं वापरली.

झाड पडल्यावर थोड्याच दिवसांनी आण्णा माझ्या खोलीवर आले होते. इकडचं तिकडचं बोलले. उसाचा भाव, पाऊस. मग म्हणाले, "बाई, पदूचं ते चित्र हाय न्हवं तुमच्याकडं? आंब्याचं."

मी काढून दिलं. त्यांनी ते खिडकीपाशी नेलं, लांब धरलं, जवळ घेतलं. मोहराच्या आसपास अलगद बोट फिरवलं. "आमच्या वडलांनी लावलेला," एवढंच म्हणाले. चित्र टॉवेलमध्ये गुंडाळून, काखेत धरून जिना उतरले. मी आयुष्यात प्रथमच एखाद्या पालकाला मुलीचं चित्र इतकं जपून नेताना बघत होते. मला वाटलं, चला, एक डोळा तरी उघडला.

या दिवाळीत त्यांच्याकडं फराळाला गेले. पद्मजा सुट्टीला आली होती. सोप्यात समोरच्या भिंतीवर ते चित्र, चांगल्या चौकटीत. परगावचे कुणी पाहुणे आले होते, ते चित्रासमोर उभे राहिले.

आण्णा ऐटीत म्हणाले, "हा आमच्या रानातला आंबा. लेकीनं काढलाय."

पाहुण्यांनी चष्मा लावला. "लय भारी हाय. पण आण्णा, ह्यात तर झाड बांधाच्या पलीकडं दिसतंय. भावाच्या रानात."

पद्मजा चहाचा ट्रे घेऊन येत होती. ती जागच्या जागी थांबली.

आण्णांनी चित्राकडं बघितलं. मग पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाले, "आवं, तवा लहान हुती ती. शिकत हुती."